अॅल्युमिनियमवर प्लाझ्मा ऑक्सिडेशन (भाग द्रावात बुडवून, वीज सोडून ठिणग्यांनी त्यावर ऑक्साइडचा कडक थर चढवणं) करताना करंट वाढवला तर कोटिंग जास्त टिकाऊ होतं का?

नाही. जाड होतं. टिकाऊ होईलच असं नाही. याच मुद्द्यावर लोट्याच्या एमआयडीसीत मी मालकांशी भांडलोय, म्हणून लिहितोय.

मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरच्या विंचसाठी ६०८२ या अॅल्युमिनियम मिश्रधातूच्या पुल्या आल्या होत्या. मालकांचा हुकूम, "गिऱ्हाईक मायक्रॉनचे पैसे देतं, करंट चढव." सुरुवातीला पुलीभर बारीक पांढऱ्या ठिणग्या पळत होत्या. थर वाढला तशा त्या कमी झाल्या, मोठ्या आणि नारिंगी झाल्या, एकेका जागी ठाण मांडून तडतडू लागल्या. मी म्हटलं, "आता थांबवा, थराला भोकं पडतायत." उत्तर आलं, "जाडीचं गेज बघ आणि गप्प बस." मासेमारीबंदीत होड्या वर ओढल्या तेव्हा पुल्या परत आल्या. खाचांत पांढरी भुकटी, नखाने पापुद्रा सुटत होता. खारं पाणी त्या भोकांतून थेट धातूपर्यंत गेलं होतं. दोष मात्र टाकीतल्या द्रावात असलेल्या सिलिकेटवर ढकलला गेला.

करंट स्थिर ठेवला की थर जाड होईल तसं व्होल्टेज आपोआप चढतं, ४००-५०० व्होल्टच्या पुढेही जातं. मग प्रत्येक ठिणगीत जास्त ऊर्जा जाते आणि तिची वाट रुंद होते. फ्रिक्वेन्सी वाढवली की पल्स, म्हणजे विजेचा एकेक ठोका, आखूड होतो आणि ठिणगी लहान राहते. ड्युटी सायकल, म्हणजे वीज चालू असण्याचा वाटा, कमी केली तर मधल्या वेळेत पृष्ठभाग निवतो. आणि सप्लाय बायपोलर (दोन्ही दिशांनी वीज देणारा) असेल तर उलटा पल्स नीट वापरा. क्षारीय सिलिकेटमध्ये उलटा चार्ज सुलट्यापेक्षा थोडा जास्त ठेवला की काही वेळाने आवाज मंदावतो, उजेड विझत जातो, व्होल्टेज खाली येतं. नवखा माणूस मशीन बिघडलं म्हणून बंद करतो. खरं तर घट्ट, अल्फा अॅल्युमिनाने (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या कठीण रूपाने) भरलेला आतला थर तेव्हाच बनतो. मी हेच मागत होतो आणि मालकांना ठिणग्या हव्या होत्या.

तेव्हा गेजवर विसंबू नका. नमुना कापा, पॉलिश करा, सूक्ष्मदर्शकाखाली बघा, मिठाच्या फवाऱ्यात ठेवा.

हे सगळं रॉट, म्हणजे लाटून-दाबून घडवलेल्या, मिश्रधातूंचं. जास्त सिलिकॉनच्या ओतीव भागांना वेगळी सेटिंग लागते. वरचा सच्छिद्र थर सेटिंग कितीही चांगली असली तरी राहतोच, समुद्राचं काम असेल तर तो सील करा आणि स्टेनलेस बोल्टखाली नायलॉनचा वॉशर घाला.