अंतरपाट, बाळंतिणीची खोली आणि परदेशातलं शिबिर : छायाचित्रकार वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लग्नाची कामं नुकतीच घ्यायला लागलो आहे. अंतरपाट दूर होतो त्या क्षणाचे फोटो हमखास बिघडतात. कधी चेहऱ्यांवर आडवे पट्टे येतात, कधी चेहरे गुलाबी-जांभळे होतात, कधी फोकस अक्षतांवर जातो. कॅमेरा बदलायला हवा का? (वाचक, सांगली)

उत्तर : कॅमेरा बदलू नका. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही दोषांची कारणं वेगवेगळी आहेत, त्यामुळे उपायही वेगवेगळे.

आधी पट्टे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून हॉलमधले साधे एलईडी सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात. शटरचा वेग सेकंदाच्या 1/320 किंवा 1/500 ठेवला की त्या चढउताराचा एक तुकडाच फ्रेममध्ये सापडतो आणि पट्टा दिसतो. 1/100 किंवा 1/50 वर तो जातो. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (दिव्यांची लुकलुक टाळणारी सोय) असेल तर चालू ठेवा. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र मांडवात वापरू नका, त्याने हा दोष कितीतरी पटीने वाढतो. सजावटीचे पार लाइट (स्टेजवरचे रंगीत एलईडी दिवे) याहून वेगळ्या, बऱ्याच जास्त वेगाने लुकलुकतात, त्यामुळे तिथे 1/100 ची खात्री देता येत नाही. मुहूर्ताच्या अर्धा तास आधी स्टेजवर कुणाला तरी उभं करून 1/80 पासून 1/200 पर्यंत सगळ्या वेगांवर एकेक फोटो काढून बघा.

गुलाबी चेहरे नंतर संगणकावर सुधारत नाहीत. पार लाइटच्या त्या गुलाबी उजेडात लाल आणि निळा रंगच असतो, हिरवा जवळजवळ नसतो. जो रंग त्वचेवर पडलाच नाही तो व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल साधणारी सोय) कुठून आणणार? लाल चॅनेल जळतो (लालातले बारकावे जातात) तो वेगळाच. लाल शालू आणि हळदीचा चेहरा एकाच फ्रेममध्ये असतील तर साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तुम्हाला फसवेल, तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम बघत जा. खरा उपाय बोलण्यात आहे. मंगलाष्टकं सुरू झाल्यापासून सप्तपदीपर्यंत पार लाइट पांढऱ्यावर ठेवायचे, हे मांडववाल्याशी आदल्या दिवशी ठरवा आणि घरातल्या एका जाणत्या माणसाच्याही कानावर घाला. ऐन मुहूर्ताला लाइटवाला सापडत नाही.

आता अक्षता. 1/100 वर त्या रेघोट्यांसारख्या दिसतात. वेग वाढवला की पट्टे येतात. यातून सुटका फ्लॅश करतो. शटर 1/200, लेन्सचं छिद्र एफ/4, आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) असा की हॉलचा उजेड दीड स्टॉप कमी पडेल (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). मुख्य प्रकाश फ्लॅशचा. एक अष्टमांश ताकदीवर फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात संपतो, त्यामुळे तांदळाचा दाणा हवेत थिजलेला दिसतो. पण हा फ्लॅश कॅमेऱ्यावर लावू नका. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून लेन्सपासून दोन फुटांवरचा दाणा जळून पांढरा ठिपका होतो आणि नवरीच्या गालावर नेमका तोच बसतो. ट्रिगर (फ्लॅश दुरून चालवणारं यंत्र) लावून फ्लॅश बाजूला, आठ फुटांच्या स्टँडवर, वधू-वरांकडे 45 अंशांत वळवा. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी हवीच. अक्षता टाकायला माणसं पुढे सरकतात आणि स्टँड लहान मुलाच्या अंगावर पडू शकतो.

फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या. शेवटच्या मंगलाष्टकाच्या वेळी मुंडावळ्यांवर फोकस धरा आणि बोट उचला. मग कितीही अक्षता आडव्या आल्या तरी लेन्स शोधाशोध करणार नाही.

अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार ते गुरुजींना आधी विचारा आणि त्याच्या विरुद्ध बाजूला उभे राहा. ‘तदेव लग्नं’ हा श्लोक साधारणपणे शेवटी येतो, तो कानावर पडला की तयारीत राहा. गुरुजी, मामा आणि आईवडील यांच्या मध्ये मात्र उभं राहू नका. फोटोसाठी हार पुन्हा घालायला लावणं, लाजाहोम थांबवणं हे तर करूच नये. विधी त्या घराचा आहे. तो न अडवता जेवढं मिळेल तेवढं टिपणं हेच आपलं काम.

प्रश्न : लग्नाचे फोटो मी सोशल मीडियावरच्या माझ्या पानावर टाकले. नवरीच्या वडिलांनी हरकत घेतली. फोटो मी काढले, मग हक्क माझाच ना? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 प्रमाणे, कुणी सांगितलं म्हणून आणि पैसे घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काम देणारा असतो, वेगळा करार केला नसेल तर. ते फोटो आजच उतरवा. पुढच्या कामापासून करारात दोन ओळी घाला: किती फोटो, कुठे वापरणार, आणि ते निवडताना कुटुंबाला आधी दाखवणार. लहान मुलं आणि पाठवणीत रडणारी माणसं यांच्यासाठी वेगळी परवानगी घ्या.

प्रश्न : नवजात बाळांचे फोटो सुरू करायचे आहेत. हनुवटी हातांवर टेकवून बसलेलं बाळ, टोपलीत गोल झोपलेलं बाळ, असं आया मागतात. जन्मानंतर कितव्या दिवशी जावं? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : गोल मिटून झोपणं पाचव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत सोपं असतं. पण आपल्याकडे बऱ्याच घरांत दहा दिवस सुवेर पाळतात, बाराव्या दिवशी बारसं, आणि आई माहेरी. म्हणजे हाती उरतात फार तर दोन-तीन दिवस. त्यासाठी घरच्यांवर घाई लादू नका. तीन आठवड्यांच्या बाळाचे आईच्या कुशीतले, खिडकीजवळचे फोटो तितकेच चांगले येतात.

हनुवटी हातांवर टेकवलेला तो फोटो एका क्लिकमध्ये निघत नाही, काढूही नये. बाळाला मान सावरता येत नाही. पहिल्या फोटोत मदतनीस डोकं धरतो, दुसऱ्यात मनगटं, आणि दोन्ही संगणकावर जोडून हात पुसले जातात. हे जोडकाम येत नसेल तर त्या मागणीला सरळ नाही म्हणा. टोपली पालथी होते. तळाशी वजन ठेवा आणि एक हात कायम बाळापासून वीतभर अंतरावर असू द्या. तो हात आईचा नको, बाळंतीण वाकून दमते.

कपडे काढून फोटो असतील तर खोली 26 ते 28 अंशांवर, पंखा बंद. मात्र शेक-शेगडी पेटलेली असताना दारं-खिडक्या लावून काम करू नका. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. शेगडी बाहेर न्या, खोली हवेशीर करा, मगच कॅमेरा काढा. खिडकीचा उजेड बाळाच्या डोक्याकडून पायाकडे तिरपा येऊ द्या. हनुवटीखालून आला तर चेहरा भेसूर दिसतो. 1/200, एफ/2.8, आयएसओ 1600 पासून सुरुवात करा. दोन तास धरा, त्यातला बराच वेळ पाजण्यात आणि लंगोट बदलण्यात जाणार.

पिवळेपणाबद्दल एक सांगायलाच हवं. पिवळ्या भिंतीमुळे बाळ पिवळं दिसू शकतं, म्हणून आधी ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचं कार्ड) धरून व्हाइट बॅलन्स घ्या. तरीही त्वचा, आणि विशेषतः डोळ्यांचा पांढरा भाग, पिवळा दिसत असेल तर रंग सुधारत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा असं घरच्यांना सांगा.

बारशाला पाळण्याच्या पायथ्याशी, पाळण्याच्याच उंचीवर बसा. 35 मिलिमीटरची लेन्स पुरते. आत्या कानात नाव सांगायला वाकते आणि लगेच तिच्या पाठीत धपाटे पडतात, मध्ये सेकंद-दोन सेकंदच मिळतात.

प्रश्न : सिझेरियन होऊन दोन महिने झाले. मे महिन्यातली लग्नं घ्यावी म्हणते. अंगावर पाजते आहे. काय काळजी घेऊ? (वाचक, पुणे)

उत्तर : पहिले सहा आठवडे बाळाच्या वजनापेक्षा जड उचलू नये असं डॉक्टर साधारणपणे सांगतात. ते संपले म्हणून दहा तासांचं लग्न लगेच पेलतं असं नाही. डॉक्टरांना नुसतं ‘काम’ न सांगता किलोत सांगा: फुल-फ्रेम कॅमेरा आणि 70-200 एफ/2.8 झूम लेन्स मिळून दोन किलोंच्या आसपास जातात, आणि असे दोन कॅमेरे खांद्यावर असतात. मोठ्या झूमऐवजी 85 एफ/1.8 ही हलकी लेन्स घ्या. सुरुवातीला साखरपुडा किंवा केळवण अशी तीन-चार तासांची कामं घ्या.

दूध दर तीन तासांनी काढावं लागेल. टाळलं तर छाती दाटते, गाठी होतात, ताप येतो. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंत चार तास टिकतं, पण मे महिन्यातल्या हॉलमध्ये 25 अंश कुठले! काढल्याबरोबर बर्फाच्या पॅकसह थंड डब्यात ठेवा. त्यात ते 24 तास चालतं, फ्रिजमध्ये चार दिवस. कडी लागणारी खोली आणि प्लग हवा हे करारात लिहा. मागायला संकोचू नका, वऱ्हाडातल्या बायका ते लगेच समजून घेतात. 26 आठवड्यांपर्यंतची पगारी रजा नोकरदार स्त्रीला कायद्याने मिळते, स्वतंत्र छायाचित्रकाराला नाही. म्हणून ‘आजारपणात बदली छायाचित्रकार पाठवू’ हे कलम आणि तसं एक भरवशाचं माणूस आधीच हवं.

प्रश्न : शस्त्रक्रियांच्या मोफत शिबिरासाठी एका संस्थेबरोबर केनियाला तीन आठवडे सेवा म्हणून फोटो काढायला जायचं आहे. माझं बाळ सात महिन्यांचं आहे. (वाचक, ठाणे)

उत्तर : सुरुवात लशीपासून. केनियाहून परतताना भारतात पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात, आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस आता जन्मभर धरली जाते. पण ही जिवंत विषाणूची लस आहे. नऊ महिन्यांखालच्या बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने ती शक्यतो टाळावी. त्यामुळे संस्थेला तारखा पुढे ढकलायला सांगा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दलही त्याच भेटीत डॉक्टरांना विचारा.

विनामोबदला असलं तरी ते काम आहे. पर्यटकाच्या परवानगीवर जाऊ नका, कोणता परवाना लागेल ते यजमान संस्थेकडून लेखी घ्या. महागड्या उपकरणांच्या सिरियल नंबरांची यादी करून निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परतताना शुल्काचा वाद होत नाही. सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच, टोकांना चिकटपट्टी लावून. 100 वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, आणि कॅमेऱ्याची नेहमीची बॅटरी 16-17 च्या आसपास असते. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, तेव्हा सामान कापडी पिशव्यांत बांधा. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, संमती. ‘नाही म्हटलं तर ऑपरेशन होणार नाही’ असं रुग्णाला वाटत असतं. म्हणून उपचार नक्की झाल्यावरच विचारा, भूल देण्याच्या बऱ्याच आधी, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांऐवजी स्थानिक भाषा येणाऱ्या तिसऱ्या माणसाकडून. मुलांसाठी पालकांची सही आणि मुलाचीही तयारी. ‘नाओम्बा कुकुपिगा पिचा’ म्हणजे ‘तुमचा फोटो काढू का?’ एवढं स्वाहिली शिकून जा. केनियात 2019 चा माहिती-संरक्षण कायदा आहे, ओळख पटणारा फोटो त्यात येतो. कॅमेऱ्यातलं जीपीएस बंद, फाइलला नावाऐवजी क्रमांक. डॉक्टरांच्या नोंदीचे आधी-नंतरचे फोटो आणि संस्थेच्या प्रचाराचे फोटो वेगवेगळ्या कार्डांवर ठेवा. नोंदीसाठी 100 मिलिमीटर, तेच अंतर, तोच प्रकाश, साधा निळा पडदा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी.

शस्त्रक्रियागृहात कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, लेन्स बदलू नका, निर्जंतुक केलेल्या निळ्या कापडापासून हातभर लांब राहा. दिव्याखालचा भाग बाकी खोलीपेक्षा चार-पाच स्टॉप उजळ असतो, तेव्हा एक्सपोजर मॅन्युअल. सावळ्या-काळ्या चेहऱ्याने फ्रेम भरली की मीटर उगाच उजेड वाढवतो, दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा. पाठीमागे लख्ख आकाश असेल तर उलट एक स्टॉप वाढवा.

प्रश्न : पावसाळ्यात कोकणात फिरून आलो की लेन्सला बुरशी लागते. (वाचक, चिपळूण)

उत्तर : बॅग बंद कपाटात ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवा, काटा 40 ते 50 टक्क्यांत हवा. 30 च्या खाली फार दिवस नको, रबर आणि वंगण सुकतं. एसी गाडीतून उतरताना कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या, म्हणजे काचेवर बाष्प धरत नाही. महिन्यातून एकदा लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती लेन्स इतरांपासून वेगळी काढा आणि लगेच साफ करायला द्या. बुरशी काचेचा लेप खाते, मग डाग निघत नाही.