इंडोनेशियातल्या दुर्गम डोंगराळ गावात शेतकऱ्यांचं आयुष्य कसं असतं?

मी आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचा. आमच्या घरात तीन पिढ्या बटाटा होतोय. जावा बेटाच्या मधोमध दिएंग नावाचं पठार आहे आणि तिथली माणसंही बटाट्यावरच जगतात हे कळल्यापासून मला तिथे जायचं होतं. शेवटी जुलै-ऑगस्टमधले पाच आठवडे मी सेंबुंगन गावात एका शेतकऱ्याच्या घरी राहिलो. सगळ्या इंडोनेशियाबद्दल मी बोलणार नाही. पापुआतल्या डोंगरात रताळं आणि डुकरं, फ्लोरेसला कॉफी, प्रत्येक ठिकाणचं जगणं वेगळं. मी पाहिलं तेवढंच सांगतो.

सेंबुंगन समुद्रसपाटीपासून सुमारे 2,300 मीटरवर आहे. जावातलं सर्वांत उंच गाव. वोनोसोबो शहरातून घाट चढून यावं लागतं. आता रस्ता पक्का आहे आणि शेजारच्या सिकुनिर टेकडीवरून सूर्योदय पाहायला पहाटे गाड्या भरून पर्यटक येतात, त्यामुळे वाट नसलेलं गाव अशी कल्पना करू नका. पण थंडी आपल्या डोक्यातल्या इंडोनेशियाशी जुळत नाही. माणसं लुंगीसारखं सारोंग खांद्यावरून पांघरून फिरतात, लहान मुलांचे गाल गारठ्याने लाल झालेले असतात. पाहुण्याला बैठकीत बसवत नाहीत, थेट स्वयंपाकघरात चुलीपाशी नेतात. मला ती जागा फार आवडली. मी घरधन्याला 'पाक' म्हणजे बाबा म्हणायचो, त्यांच्या बायकोला 'बू' म्हणजे आई, आणि ते मला 'मास', म्हणजे दादा. संध्याकाळची सगळी बोलणी विस्तवाभोवतीच. गोड चहा, पिठात तळलेलं तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणि बटाट्याचे भाव.

जेवणात मात्र भात, आणि तांदूळ खालून विकत आणायचा. एवढ्या उंचीवर भातशेती होत नाही. जुनी माणसं मक्याच्या भरड्याचा भात खायची, असं बू सांगायच्या. 1980 च्या दशकात बटाटा जोरात आला तसं गाव बदललं. पक्की घरं झाली, मोटारसायकली आल्या, पोरं शिकायला बाहेर पडली, कित्येक जण हजला जाऊन आले. हे सगळं बटाट्याने दिलं हे तिथे कुणी विसरत नाही, आणि म्हणून त्याबद्दल वाकडं बोलणाऱ्याचं ते पटकन ऐकूनही घेत नाहीत.

मी बोललो होतो. पहिल्याच आठवड्यात. सगळा डोंगर शेंड्यापर्यंत नांगरलेला, झाड क्वचित, आणि सऱ्या उताराला आडव्या असायच्या त्या वरून खाली सरळ काढलेल्या. कृषी महाविद्यालयात हे पहिल्या वर्षाला शिकवतात की असं केलं तर माती वाहून जाते. मी तसं पाकना सांगितलं. ते रागावले नाहीत. ऑक्टोबरपासून मेपर्यंत इथे पाऊस असतो, म्हणाले. आडवी सरी पाणी धरते, पाणी धरलं की कंद सडतो आणि बुरशी चढते. सरळ सरीत पाणी लगेच निघून जातं. माती जाते हे त्यांना दिसतं. पण माती हळूहळू जाते आणि पीक गेलं तर या हंगामाचं कर्ज उभं राहतं. तिथे लावतात ते ग्रानोला नावाचं वाण करपा या बुरशीच्या रोगाला लवकर बळी पडतं. शिवाय वाहून गेलेल्या मातीची भरपाई म्हणून ट्रकने कोंबडीखत येतं, त्याच्या वासाने लागवडीच्या दिवसांत गाव भरून जातं. खत, औषधं, बेणं, काळा प्लास्टिक कागद, सगळं उधारीवर. मला आमच्या मंचरच्या बाजारातला आडत्या आठवला.

मग सपाट जमिनीवर का पिकवत नाहीत? पठाराच्या तळाशी आहे सपाट जमीन, अर्जुन नावाच्या जुन्या मंदिरांच्या आसपास. पण थंड हवा जड असते, रात्री उतारावरून ओघळून तिथेच साचते. कोरड्या महिन्यांत, म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये, पहाटे तिथे पारा शून्याखाली जातो आणि दंव गोठतं. त्याला ते 'एम्बुन उपास' म्हणतात, विषारी दंव. पाकचा एक छोटा तुकडा खाली होता. एका पहाटे आम्ही धावत गेलो, ऊन पडायच्या आत पाइपाने पाणी मारून दंव धुऊन काढायचं म्हणून. निम्म्या वाफ्यांपर्यंतच पोचलो. उरलेली पानं उन्हं आल्यावर काळी पडली, उकळतं पाणी ओतल्यासारखी. त्याच वेळी मंदिरापाशी लोक पांढऱ्या गवताचे फोटो काढत होते. त्यांचा दोष नाही, पण मला ते सहन झालं नाही. उतारावर दंव कमी पडतं म्हणून बटाटा उतारावर चढतो, आणि उतारावर चढला की माती सुटते. या अडकित्त्यात ती माणसं सापडलेली आहेत. वाहून गेलेली माती सेरायू नदीत उतरते. या नदीचा उगमही दिएंगवरच आहे, त्या झऱ्याचं नाव भीमाशी जोडलेलं आहे. पुढे खाली म्रिचा धरणात तो गाळ साचतो.

हो, भीम. मंदिरांची नावं अर्जुन, पुंतदेव म्हणजे युधिष्ठिर, श्रीकंडी म्हणजे शिखंडी, सुभद्रेचं सेंबाद्रा, घटोत्कच, द्वारावती. सातव्या-आठव्या शतकांतली शैव देवळं, नावं नंतरच्या काळातली. गाव पूर्ण मुसलमान आहे, पहाटे अजान होते, आणि सगळ्यांना अर्जुन कोण ते ठाऊक आहे.

एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांना सांगायलाच हवी. तिथे काही लहान मुलांच्या केसांत जटा होतात, बहुतेकदा मोठ्या तापानंतर. लोक म्हणतात, पूर्वज क्याई कोलोदेते यांची ती देणगी. जट मुलाने स्वतः 'आता कापा' म्हणेपर्यंत कापत नाहीत, आणि कापताना ते मागेल ते द्यावं लागतं. कुणी सायकल मागतं, कुणी बकरी. मग केस पाण्यात सोडतात. आपल्याकडे जट आली की पोरीला देवीला सोडायचे, तिचं आयुष्य संपायचं. इथे शेजारची सहा वर्षांची जटावाली मुलगी अंगणात खेळत होती, आणि काय मागायचं यावर तिचं मत रोज बदलत होतं. मी तिच्याकडे बराच वेळ बघत बसायचो.

धोका जमिनीखालीही आहे. 20 फेब्रुवारी 1979 ला पहाटे सिनिला या ज्वालामुखीच्या विवराकडून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला आणि पळून जाणाऱ्या 149 जणांचा वाटेतच जीव गेला. केपुचुकान गाव नकाशावरून गेलं. तरी आसपासची शेती थांबली नाही. ज्वालामुखीची माती काळी, भुसभुशीत, काठी रोवली तरी फुटेल अशी आहे.

कामाचं विचाराल तर बायका पुरुषांपेक्षा कमी राबत नाहीत, लागवड आणि खुरपणी बहुतांशी त्यांच्याच हातून होते. पुरुष उतारावरून पोती खांद्यावर आणतात. कोरड्या महिन्यांत तळ्यातून पंपाने पाणी वर चढवतात, रस्त्याच्या कडेने पाइपांचे जुडगे पसरलेले दिसतात.

पाकनी आता बांधावर कारिका लावलीय. पपईच्या जातीचं हे छोटं फळ साखरेच्या पाकात मुरवून बाटल्यांतून विकतात, आणि झाडाची मुळं थोडी माती धरतात. मागच्या महिन्यात त्यांनी फोटो पाठवला, झाडांना फळं लागली होती. मागच्या डोंगरावर सऱ्या अजून सरळच होत्या. खाली लिहिलं होतं, मास, तुमच्या मंचरला बटाटा काय भावाने गेला? मी दहा किलोचा भाव किलोवर आणला, रुपयांचे रुपिया केले आणि कळवला.