धातू कुठला, ते आधी विचार

नांदेडला एम.एस्सी. केमिस्ट्री झालीय, नेदरलँड्सहून ट्यूमर इमेजिंगमधल्या पीएच.डी.ची ऑफर आलीय, पण आई म्हणते, 'किरणोत्सर्गी धातूंत हात घातल्यावर उद्या लेकराबाळांचं काय?' असं तू विचारलंयस. मी लातूरची, इथं नेदरलँड्समध्ये याच कामात आहे: गाठीला चिकटणाऱ्या रेणूला किरणोत्सर्गी धातू जोडायचा, म्हणजे गाठ स्कॅनवर दिसते.

प्राध्यापकांना आधी विचार, धातू कुठला? तुझा दिवस त्याच्या हाफ-लाइफवर, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणाऱ्या वेळेवर ठरणार. गॅलियम-६८ ची ६८ मिनिटं. जर्मेनियमच्या जनरेटरमधून (त्यात जर्मेनियमपासून गॅलियम तयार होत राहतं) पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडून त्याची धार काढायची, डोटाटेटबरोबर (गाठीला चिकटणारा रेणू) ९५ अंशांवर दहाएक मिनिटं तापवायचं, शुद्धता तपासायची आणि लगेच पेशंटकडे पाठवायचं. न्यूरोएंडोक्राइन गाठी (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या) मग पेट स्कॅनवर, म्हणजे शरीरातला किरणोत्सर्ग टिपणाऱ्या स्कॅनवर, उजळून दिसतात. चार तासांत जनरेटर पुन्हा भरतो, गाय पान्हावते तसा. स्टीलची स्पॅच्युला मात्र विसर, सगळं प्लास्टिकचं. एका डोसमध्ये गॅलियम नॅनोग्रॅमभरही नसतं, त्यामुळं लोखंडाचा किंवा जस्ताचा बारीक अंशही डोटाटेटमधली त्याची जागा बळकावतो.

झिर्कोनियम-८९ चं तंत्र वेगळं. हाफ-लाइफ ७८ तास, आणि ती लागतेच, कारण हा धातू अँटिबॉडीला (गाठ ओळखणाऱ्या मोठ्या प्रथिनाला) जोडतात, आणि तिला गाठीपर्यंत पोचायलाच दिवस लागतात. ग्रोनिंगेनच्या गटानं २०१० मध्ये ट्रॅस्टुझुमॅब या अँटिबॉडीला झिर्कोनियम जोडून स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटचे स्कॅन प्रसिद्ध केले, त्यात चौथ्या-पाचव्या दिवशीचं चित्र सगळ्यात चांगलं होतं. म्हणजे शनिवार-रविवारची हमी नाही बघ. गॅमा किरणंही जोरकस, शिसं जाड लागतं. पण मला विचारशील तर सिंथेसिसवालीनं हेच घ्यावं. सुटा झालेला झिर्कोनियम हाडांत जाऊन बसतो, त्याला घट्ट धरून ठेवणारा रेणू, म्हणजे चिलेटर, अजून सुधारायचाय, आणि ते काम केमिस्टचंच.

आईला सांग, अंगावर बॅज आणि बोटात डोसिमीटरची, म्हणजे अंगावर पडलेले किरण मोजणारी, अंगठी असते. वर्षाची मर्यादा २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप), भारतातही पाच वर्षांची सरासरी तेवढीच. दिवस गेले की लगेच कळवायचं, मग पोटातल्या बाळासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्ट धरून काम बदलून देतात.

पैशाचं टेन्शन घेऊ नको. इथं पीएच.डी. म्हणजे साधारण चार वर्षांची पगारी नोकरी, व्हिसाचा अर्जही विद्यापीठच करतं. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं. खोली मिळवणं मात्र लई अवघड, होकार कळवला त्याच दिवशी शोधायला लाग.