आरशासमोर पोट आत ओढणारी मुलगी
प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी पूर्वी वैमानिक व्हायचे म्हणत असे. हल्ली जाहिराती पाहून ती आरशासमोर पोट आत ओढून उभी राहते आणि ‘मला ते जमणार नाही’ म्हणते. टीव्ही बंद करावा का?

उत्तर : बंद करून फारसे साधणार नाही, तीच चित्रे तिला मैत्रिणीच्या फोनवर दिसतील. तुमची शंका मात्र निराधार नाही. फिजीच्या एका प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली, तेव्हा वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी काढल्याचे सांगणारी एकही शाळकरी मुलगी संशोधक अ‍ॅन बेकर यांना आढळली नव्हती. १९९८ मध्ये अशा मुलींचे प्रमाण सुमारे ११ टक्के होते. महत्त्वाकांक्षेचे नुकसान याहून गुपचूप होते, कारण विमान पुरुषाने चालवायचे आणि बाईने हसून निरोप द्यायचा, हे शेकडो वेळा पाहिलेल्या मुलीला कोणी ‘नाही’ म्हणावेच लागत नाही. तिच्याशेजारी बसून जाहिरात पाहा आणि विचारा : ही बाई काम काय करते, किती वाक्ये बोलते, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर आहे की कमरेवर? (स्वतःच्या वजनाविषयीचे तुमचे उद्गारही ती ऐकत असते, हे जाता जाता.) एखाद्या वैमानिक स्त्रीशी तिची गाठ घालून देता आली, तर अवश्य द्या.