३/८ + २/८ = ५/१६ कुठून येतं?

ताई, पाचवीतला तुमचा मुलगा ३/८ + २/८ चं उत्तर ५/१६ लिहितो आणि २ १/४ − ३/४ ला अडून बसतो, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही चुका नेहमीच्याच, पण कारणं वेगळी आहेत.

पहिली चूक बऱ्याचदा चित्रातूनच येते. दोन पट्ट्या शेजारी काढतात, दोन्हींचे आठ-आठ भाग करतात, एकीत तीन आणि दुसरीत दोन रंगवतात. मग मूल सगळे चौकोन मोजतं: एकूण सोळा, रंगवलेले पाच. त्याची मोजणी बरोबर असते, चित्र चुकलेलं असतं. म्हणून पट्टी एकच घ्या. १६ सेमी लांबीची कागदी पट्टी तीन वेळा मधोमध दुमडली की २ सेमीचे आठ भाग पडतात. तीन भाग निळे करा, त्यांना लागूनच दोन हिरवे. भाग तेवढेच मोठे राहिले, म्हणून छेद ८ च. वाढला तो अंश. उत्तर ५/८. नुसतं ‘छेद तोच ठेवायचा’ असं पाठ करून घेऊ नका, भिन्नच्छेद अपूर्णांक आले की तो नियम त्याला गोंधळात टाकेल. त्यापेक्षा ५/१६ त्यालाच तपासायला सांगा. ३/८ म्हणजे ६/१६. त्यात आणखी मिळवून ५/१६ कसे होतील? वजाबाकीत हीच चूक ७/९ − ४/९ = ३/० अशी दिसते. तिथे खरं उत्तर ३/९, म्हणजे १/३.

दुसऱ्या अडचणीसाठी द्राक्षं घ्या, नाशिकात ती समजावून सांगावी लागत नाहीत! सव्वादोन किलो आणली, पाऊण किलो शेजारी दिली. एका पावातून तीन पाव जात नाहीत, म्हणून दोनातला एक किलो फोडायचा. त्याचे चार पाव, आधीचा एक, झाले पाच. म्हणजे २ १/४ = १ ५/४. पाच पावांतून तीन गेले, उरले १ २/४, दीड किलो.

इथे मुलं हातच्याच्या सवयीने दहा घेतात आणि १ ११/४ लिहितात. त्यातून ३/४ गेले की १ ८/४ उरतात, म्हणजे ३ किलो; देऊनही द्राक्षं वाढली! पूर्ण एक फोडला की छेदाइतकेच भाग मिळतात, चौथाईत चार, पाचव्या भागांत पाच. इथे घाई करू नका, हे पक्कं व्हायला वेळ लागतो.

अतिसंक्षिप्त रूप मात्र शेवटीच द्यायला सांगा. ४/८ + ३/८ मध्ये त्याने आधीच ४/८ चे १/२ केले, तर सारखे असलेले छेद उगाच वेगळे होतात.

सरावाला ३ १/५ − १ ४/५ द्या. २ ६/५ ही पायरी त्याने स्वतः लिहिली आणि उत्तर १ २/५ आलं, की भिन्नच्छेदांकडे वळायला हरकत नाही.