वऱ्हाडी बोलीवरून मुलाला वर्ग रोज छळतो आणि शाळा म्हणते "मुलंच ती". शाळेने नक्की काय करायला हवं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अकोल्याहून पुण्यात बदली, मुलगा सहावीत. जूनपासून त्याच्या 'माह्यं' (माझं), 'पानी', 'डोया' (डोळा) वर वर्ग हसतो, आता त्याला हाक सुद्धा 'डोया' अशीच मारतात, डबा लपवतात. आणि वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मुलंच ती, चालायचंच. तुम्ही त्यालाच जरा धीट करा." शाळेने काय करायला हवं, की आपणच शाळा बदलावी, असं तुम्ही विचारलंय.

मी ३१ वर्षं एका अनुदानित मराठी शाळेत विज्ञान शिकवलं, शेवटची सहा वर्षं पर्यवेक्षिका होते. 'चालायचंच' हे मीही कितीतरी पालकांना ऐकवलंय. त्यामुळे वर्गशिक्षिकांवर लगेच तुटून पडणार नाही. पण त्या चुकताहेत.

चिडवाचिडवी कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो, याची एक साधी खूण आहे. डॅन ओल्वेअस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नॉर्वेमध्ये आयुष्यभर याच विषयावर काम केलं. त्याने तीन गोष्टी बघायला सांगितल्या: त्रास मुद्दाम दिला जातोय का, पुन्हा पुन्हा दिला जातोय का, आणि दोघांचं बळ असमान आहे का. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. बळ म्हणजे नुसतं दंड नव्हेत. एका बाजूला पहिलीपासून एकत्र असलेली मुलं आणि दुसऱ्या बाजूला जूनमध्ये आलेला एकटा मुलगा, हेही असमान बळच. मी माझ्यापुरती एक परीक्षा ठेवली होती: आज याने त्याला चिडवलं, उद्या त्याने याला चिडवलं असं होतं का? होत असेल तर मैत्री आहे, आपण मध्ये पडू नये. चार महिने एकच मूल खाली आणि बाकीचे वर असतील तर ती गंमत नाही.

आता माझी चूक सांगते, कारण तुमची शाळा बहुधा तीच करेल.

आठवीतला एक मुलगा होता, मराठवाड्यातून आलेला. वडील आमच्याच नाक्यावर पंक्चर काढायचे. वर्गातला एक मुलगा आणि त्याची चौकडी त्याच्या मागे लागली. दप्तर खिडकीबाहेर टाकणं, टायरचा वास येतो म्हणून बाकावरून उठून जाणं. आईने येऊन सांगितल्यावर मी दोघांना शिक्षक खोलीत बोलावलं, समोरासमोर उभं केलं, दोघांचं ऐकलं आणि म्हटलं, "चला, सॉरी म्हणा, हात मिळवा, आजपासून दोस्त." मिळवला की त्यांनी हात! मला वाटलं, प्रकरण मिटलं. पाच मिनिटांत तास घ्यायला गेलेसुद्धा.

पुढे काय झालं ते मला शिपाई मावशींकडून कळलं, तेही दिवाळीनंतर. त्या दिवसापासून त्याचं नाव 'बाईंचा बाळ' पडलं होतं. मधल्या सुट्टीत चौकडी त्याच्याभोवती कडं करायची आणि रोज नव्याने "सॉरी, हात मिळव" असा खेळ चालायचा. हात पुढे केला की पिरगळायचा. म्हणजे शिक्षक खोलीत मीच त्यांना नवा खेळ शिकवून पाठवलं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. वडील दाखला न्यायला आले, काही बोलले नाहीत. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात कारकुनाने लिहिलं होतं, 'पालकांचे स्थलांतर'. मी वाचलं आणि खाली सही होऊ दिली. पालक कुठेही गेले नव्हते. त्याच नाक्यावर पंक्चर काढत होते. पुढची कित्येक वर्षं माझी स्कूटर पंक्चर झाली की मी ती ढकलत पुढच्या चौकापर्यंत न्यायचे.

समेट भांडणात होतो, कारण भांडणाला दोन बाजू असतात. छळात ज्याच्यावर अन्याय झाला त्याला आपण म्हणतो, "तूही थोडं सोड." शिवाय छळणाऱ्याच्या समोर उभं राहून सहावीतलं मूल खरं सांगेल ही अपेक्षाच चुकीची. ते म्हणणार, "काही नाही बाई, गंमत चालली होती." आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकणार. म्हणून शाळेकडे तुमची पहिली मागणी हीच असू द्या: दोघांना समोरासमोर आणायचं नाही. आधी तुमच्या मुलाशी एकट्याने, घाई नसलेल्या वेळी बोलायचं. मग त्रास देणाऱ्यांशी एकेकट्याने बोलायचं, गटाने कधीच नाही. गटात प्रत्येक जण दुसऱ्यासाठी शूर होतो.

पण हे दोघातिघांशी बोलणं म्हणजे निम्मंच काम. मला हे कळायला फार वर्षं लागली. छळ होतो तो बघणाऱ्यांसाठी होतो. कॅनडातल्या टोरांटोच्या शाळांमध्ये संशोधकांनी मैदानावरच्या मुलांचं चित्रीकरण करून पाहिलं. २००१ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं तिथे हजर होती. मध्ये पडली ती फक्त १९ टक्के वेळा. पण पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा तो प्रकार १० सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! आम्ही मोठी माणसं नोटिसा काढून, पालक सभा घेऊन जे करू शकत नाही ते अकरा वर्षांच्या पोराचं एक "ए, सोड ना त्याला" करतं.

फिनलंडने २००९ पासून देशभर जो कार्यक्रम शाळांमध्ये नेला, 'किवा', त्याचा पाया हाच आहे. प्रकरण हाताळणारे शिक्षक एकेकाशी बोलतात, ते वर सांगितलंच. त्याखेरीज वर्गशिक्षक वर्गातल्या दोन-चार अशा मुलांना बाजूला घेतात ज्यांचं वर्गात वजन आहे आणि स्वभाव चांगला आहे, आणि विचारतात की त्या मुलासाठी तुम्हाला काय करता येईल. मी निवृत्तीच्या आधी सातवीतल्या एका मुलीच्या बाबतीत हे करून पाहिलं. तिथे मारामारी नव्हती, मुलींचं शस्त्र वेगळं असतं: अख्ख्या वर्गाने कट्टी. ती आली की गप्पा बंद. फोनवरच्या ग्रुपमधून तिला काढायचं, परत घ्यायचं, परत काढायचं. मी चार मुलींना बोलावलं. कोणावर आरोप केला नाही, नाव एकच घेतलं, त्या मुलीचं. म्हटलं, "तिचे दिवस वाईट चाललेत, मला दिसतंय. तुम्हाला काय करता येईल?" बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक म्हणाली, "मी डबा खायला तिच्याजवळ बसेन, पण सोमवारपासून." सोमवारपासूनच का, मी विचारलं नाही. बसली मात्र. पुढे दुसरी गेली. कट्टी सुरू करणारी मुख्य मुलगी पुढचे तीन आठवडे फणकारत होती, ते काही जादूने थांबलं नाही. पण तिच्या फणकाऱ्याला प्रेक्षक उरले नाहीत.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मला आणखी एक शंका आहे, ती स्पष्ट बोलते. त्याच्या बोलीवर पहिल्यांदा कोण हसलं? पुष्कळदा ते शिक्षक असतात. वाचन करताना मूल 'पानी' म्हणालं की बाई म्हणतात, "पा-णी! ण कुठे ठेवून आलास, गाडीत?" वर्ग खो खो हसतो. बाईंच्या मनात वाईट काही नसतं, त्या विसरूनही जातात. वर्ग विसरत नाही, त्याला परवाना मिळालेला असतो. वऱ्हाडीत 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'य', हा त्या बोलीचा नियम आहे, चूक नव्हे. गाडगेबाबांनी कीर्तनातून महाराष्ट्राला शहाणं केलं ते याच बोलीत. सरकारने मराठी भाषेचं विद्यापीठ स्थापन केलं ते सुद्धा पुण्यात नाही, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. प्रमाण भाषा शिकवायची जरूर, परीक्षेत ती लागते, पण हसून नाही.

इथे उत्साही शिक्षक एक घोळ घालतात, तो टाळायला सांगा: तुमच्या मुलाला उभं करून "आता हा आपल्याला वऱ्हाडी बोलून दाखवेल" असं करायचं नाही. कितीही प्रेमाने केलं तरी तो परत तमाशाच. त्यापेक्षा सगळ्या वर्गाला सांगावं, घरी आजी-आजोबा जो शब्द वापरतात आणि पुस्तकात सापडत नाही असा एक शब्द आणा. पुण्यातल्या वर्गातही कोकणी, अहिराणी, कोल्हापुरी, कानडी असं काय काय निघतं. सगळेच कुठून तरी आलेत हे पोरांचं त्यांनाच कळतं.

जागा आणि वेळ हा कंटाळवाणा पण फार उपयोगी भाग. छळ सहसा वर्गात बाई असताना होत नाही. पाण्याच्या नळावर, स्वच्छतागृहात, जिन्याच्या वळणावर, ऑफ तासाला, पीटीला संघ निवडताना आणि व्हॅनमध्ये होतो. मधल्या सुट्टीच्या ड्युटीचा तक्ता बहुतेक शाळांच्या भिंतीवर असतो आणि त्या वेळी शिक्षक चहा पीत असतात. आम्हीही प्यायचो. मुख्याध्यापकांना विचारा, नळाजवळ कोण उभं असतं. आणि शिपाई मावशी, व्हॅनवाले काका यांच्याशी तुम्ही स्वतः बोला. त्यांना सगळं माहीत असतं, त्यांना कोणी विचारत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई करतं, पण त्याचा रोख मोठ्यांवर आहे. वर्गाचं हसणं एखाद्या शिक्षकापासून सुरू झालं असेल तर ते कामाचं. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे. सगळ्यांना तो कॉलेजपुरता वाटतो, पण त्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या कॉलेजवर थांबत नाही आणि लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असं त्यात आहे. सीबीएसईने तर २०१५ मध्ये आपल्या शाळांना यासाठी समिती नेमायला सांगितलं होतं. बदलापूरच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, राज्य सरकारने शाळांना तक्रार पेटीपासून कॅमेऱ्यांपर्यंत सगळ्याची ताकीद दिली. पेटी बहुतेक ठिकाणी ऑफिसच्या दारात लावलेली असते, म्हणजे चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसेल अशी. ती जिन्याखाली न्या एवढं जरी तुम्ही पालक सभेत बोललात तरी पुष्कळ.

अकरा वर्षांच्या मुलांवर पोलीस केस करा असं मी म्हणत नाही, करूही नका. "त्यांना शाळेतून काढा" असंही मागू नका. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचंच कलम १६ आहे. आणि ते बरंच आहे. काढून टाकलेलं पोर दुसऱ्या शाळेत जाऊन तेच करतं. त्रास देणारी सगळी मुलं घरी मार खाणारी असतात असंही समजू नका. माझ्या त्या चौकडीतला म्होरक्या अतिशय लाडात वाढलेला, वक्तृत्वात पहिला येणारा मुलगा होता. त्याला अंगठे धरून उभं केलं असतं तर काही साधलं नसतं. पण ज्याचं दप्तर खिडकीबाहेर टाकलं त्याचं दप्तर महिनाभर सांभाळायची जबाबदारी त्याच्या आई-वडिलांना सांगून त्याच्यावर टाकली असती तर, असं मला अजून वाटतं. तीही त्या मुलाची संमती असेल तरच.

आता तुम्ही काय करायचं. आजपासून वहीत तारीख, जागा आणि काय झालं ते लिहा, भावना न लिहिता. मग मुख्याध्यापकांच्या नावे एक पानाचा अर्ज. ऑफिसमध्ये आवक क्रमांक टाकून घ्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही मागा. तोंडी तक्रार शाळेत वाऱ्यावर जाते, आवक क्रमांक पडलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. अर्जात तीनच गोष्टी मागा: समोरासमोर बसवू नये, मधल्या सुट्टीत अमुक जागी शिक्षक असावेत, आणि पंधरा दिवसांनी आपली पुन्हा भेट व्हावी. ही तिसरी गोष्ट शाळा नेहमी विसरतात. पहिल्या आठवड्यात सगळं थंड होतं, तिसऱ्या आठवड्यात परत सुरू होतं.

त्या मुलांच्या घरी जाऊ नका. मुलाला "तूही ठेवून दे एक" असं म्हणू नका, आणि त्याच्या बाबांनाही म्हणू देऊ नका. ठेवून देता आली असती तर त्याने जूनमध्येच दिली असती. रोज "आज कोणी त्रास दिला का?" असंही विचारू नका, "आज डबा कुणाबरोबर खाल्लास?" असं विचारा. उत्तरात एखादं नाव येऊ लागलं की त्या मुलाला घरी बोलवा, पोहे करा. एक मित्र पुरतो. आणि घरी तुमच्याशी बोलताना त्याने 'माझं' म्हणायला सुरुवात केली तर तुम्ही मुद्दाम 'माह्यं'च म्हणत राहा. तो जेवत नसेल, झोपेत दचकत असेल, शाळेच्या वेळेला रोज पोट दुखत असेल, किंवा जगायलाच नको असं काही बोलला, तर पंधरा दिवसांची वाट न बघता समुपदेशक गाठा. १०९८ ही मुलांसाठीची मदत क्रमांकाची सेवा चोवीस तास चालू असते.

शाळा बदलण्याबद्दल: लगेच नको, पण त्यात हार आहे असंही मानू नका. अर्ज देऊन, दोन भेटी होऊन, महिन्याभरात काहीच हललं नाही तर खुशाल बदला. फक्त दाखला हातात घेताना 'कारण' हा रकाना वाचा. कारकून सवयीने 'पालकांच्या विनंतीवरून' लिहील. अर्जाचा आवक क्रमांक दाखवा, खरं कारण लिहायला लावा, आणि मगच पोच द्या.