नुसत्या जमिनीच्या गोंगाटावरून तेलसाठा सापडतो का?

तुम्ही विचारलंय, सुरुंग न लावता, जमिनीत कायम चालू असलेल्या बारीक कंपनांवरून खाली तेल आहे की नाही हे कळतं का. माझ्या मते खडकांची रचना कळते, आणि चांगली कळते. तेल थेट कळत नाही.

जमीन कधीच स्वस्थ नसते. नागपूरहून कुठलाही समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तरी लाटांचे पाच ते आठ सेकंदांचे हेलकावे इथल्या भूकंपमापकावर उमटतात, पावसाळ्यात जास्तच. सेकंदाहून जलद कंपनं बहुतेक माणसांची: वर्धा रोडचे ट्रक, मेट्रो, कामठीकडच्या कोळसा खाणी. रात्री ती ओसरतात, समुद्राची चालूच राहतात.

दोन ठिकाणच्या लांबलचक नोंदी एकमेकींशी ताडल्या, की एका जागी धक्का दिला असता तर दुसऱ्या जागी काय पोचलं असतं, ते त्यातून निघतं. 2005 मध्ये भूकंपशास्त्रज्ञ शापिरो आणि सहकाऱ्यांनी फक्त महिनाभराच्या गोंगाटावरून दक्षिण कॅलिफोर्नियाच्या भूकवचाचा नकाशा काढला. जिथे गाळाची जाड खोरी, तिथे लहरी संथ. तेल अशाच खोऱ्यांत असतं, पण संथ लहरी म्हणजे तेल नव्हे.

खरा वाद कंपनांच्या आलेखात 3 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तीन हेलकाव्यांच्या, आसपास दिसणाऱ्या शिखराचा आहे. तेलसाठ्यावर अशी कंपनं वाढतात, असा दावा 2000 नंतर बराच गाजला. मला तो पटत नाही. मऊ थर कठीण खडकावर बसला की तो स्वतःच्या ठरावीक वारंवारतेला डोलतो: लहरींचा वेग भागिले थराच्या जाडीची चौपट. काळी माती आणि मुरूम मिळून 15 मीटर, वेग सेकंदाला 180 मीटर धरा. उत्तर बरोबर 3 हर्ट्झ! म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही कापसाच्या शेतात ते शिखर मिळू शकतं, आणि खाली तेलाचा थेंब नसेल. नाकामुरांनी 1989 मध्ये मांडलेली पद्धत याच डोलण्यावरून वरच्या थराची जाडी काढते. त्या कामाला ती उत्तम आहे.

तेलक्षेत्रातही मर्यादा दिसतेच. उत्तर समुद्रातल्या वालहालला 2003 पासून समुद्रतळावर कायमचे संवेदक आहेत. साठा जवळपास अडीच किलोमीटर खोल, पण गोंगाटातून स्पष्ट दिसले ते तळाखालच्या पहिल्या काही शे मीटरमधले गाडले गेलेले जुने प्रवाहमार्ग.

तरीही विदर्भासाठी मला या पद्धतीची फार आस वाटते. नागपूरच्या पश्चिमेला काळ्या पाषाणाचे थरावर थर आहेत. सुरुंगाच्या लहरी त्यांत विखुरतात, आणि कठीण थराखाली मऊ गाळ असला तर तो नेहमीच्या सर्वेक्षणात लपतो. समुद्राच्या लांब लहरी तेवढ्या विखुरत नाहीत. पाषाण किती जाड आणि त्याखाली गाळाचे खडक आहेत का, हे कमी खर्चात सांगता आलं तर बोअर कुठे मारायचा हे तरी ठरेल.

तुमच्याकडे कुणी असा आलेख घेऊन आलंय, तर दिवसाची आणि रात्रीची, दोन्ही नोंदी मागा. आणि जवळच्या बोअरमध्ये मुरूम किती फुटांवर संपला, ते आधी विचारा. बोअरवाल्याला ते तोंडपाठ असतं.